वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन महिने: काय खावे, कसे खावे आणि त्रास झाला तर काय करावे

‘‘काहीच खात नही ती, जगी कशी?’’ सुनेला घेऊन आलेल्या एका सासूबाईंनी मला दवाखान्यात विचारले. सुनेची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन नऊ दिवस झाले होते. दिवसभर नुसते पाणी आणि ताक पिणारी सून बघवेना, म्हणून त्यांनी तिला वाटीभर मऊ खिचडी तुपासकट भरवली. चौथ्या घासाला छातीत दगड अडकल्यासारखे झाले, तोंडाला फेस आला आणि उलट्या सुरू झाल्या. सुदैवाने संध्याकाळपर्यंत सगळे शांत झाले.

सासूबाईंचे प्रेम खरे होते. पण नऊ दिवसांपूर्वी टाके घातलेल्या जठराला ते पेलणारे नव्हते. जळगाव-धुळ्याकडचे बरेच रुग्ण ही शस्त्रक्रिया मुंबई, पुणे किंवा नाशिकला करून घेतात आणि तीन-चार दिवसांत घरी परततात. सर्जन दोन-तीनशे किलोमीटर दूर राहतात. जवळ असतात ते घरचे लोक, शेजारी आणि माझ्यासारखा गावातला डॉक्टर. हा लेख त्या घरासाठी आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. तुमच्या सर्जनने आणि आहारतज्ज्ञाने दिलेला तक्ता हाच तुमच्यासाठी अंतिम. रुग्णालयागणिक दिवसांत थोडा फरक असतो. इथे जे सांगतो आहे ते त्या तक्त्यामागचे कारण समजावे म्हणून.

पोटात नेमके काय बदलले आहे?

नेहमीच्या जठरात साधारण एक ते दीड लिटर अन्न मावते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात १०० ते १५० मिली मावते, म्हणजे आपली एक लहान वाटी. बायपास शस्त्रक्रियेत वरच्या बाजूला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

त्यात ही जागा सुरुवातीला आतून सुजलेली असते. टाके पक्के व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत पोटात जाणारी वस्तू पातळच हवी. ‘मऊ’ आणि ‘पातळ’ यात फरक आहे. खिचडी मऊ आहे, पातळ नाही.

भुकेचेही तसेच. भूक वाढवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या त्याच भागात तयार होते, जो स्लीव्हमध्ये काढला जातो. त्यामुळे कित्येकांना पहिले काही आठवडे भूकच लागत नाही. ‘खात नाही’ म्हणून घाबरू नका. पण ‘पीत नाही’ असे असेल तर मात्र लगेच लक्ष द्या.

टप्प्याटप्प्याने आहार

पहिले एक-दोन दिवस (बहुधा रुग्णालयातच): पाणी, गाळलेले नारळपाणी, भाज्यांचे गाळलेले सूप, साखर न घातलेले लिंबूपाणी. तेही घोट घोट.

साधारण दोन आठवड्यांपर्यंत, पातळ आहार: साय काढलेले दूध, पातळ ताक, मुगाचे गाळलेले कढण, पातळ केलेले वरण गाळून, सर्जनने सांगितलेली प्रोटीन पावडर. मांसाहारी असाल तर चिकनचे गाळलेले सूप. फोडणी, तिखट, काळा मसाला काहीही नको.

तिसरा-चौथा आठवडा, मिक्सरमधून काढलेला आहार: घट्ट वरण, मऊ शिजवून वाटलेली मूगडाळ, दही, कुस्करून दुधात पातळ केलेले पनीर, वाटलेले उकडलेले अंडे, दुधीभोपळा किंवा लाल भोपळ्याची पेस्ट. गुठळी राहता कामा नये.

पाचवा ते आठवा आठवडा, मऊ आहार: मऊ पनीर, अंड्याची भुर्जी (तेल अगदी कमी), नीट शिजलेली डाळ, मऊ मासा, शिजवलेल्या भाज्या, थोडी पातळ खिचडी. रोज एकच नवीन पदार्थ सुरू करा. म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळेल.

दोन महिन्यांनंतर: हळूहळू घरचे नेहमीचे जेवण, पण प्रमाण तुमचे. पोळी आणि भाकरीला घाई करू नका. ताजी मऊ पोळी पोटात जाऊन कणकेच्या गोळ्यासारखी चिकटते. ज्वारीची किंवा कळणाची कोरडी भाकरी नीट चावली नाही तर अडकते. भातही फुगतो. हे तिन्ही पदार्थ शेवटी येतात आणि ताटात शेवटीच खायचे असतात.

आधी पाणी, मग प्रोटीन, मग बाकी सगळे

खान्देशातल्या उन्हाळ्यात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पूर्वी तुम्ही उन्हातून आल्यावर तांब्याभर पाणी गटागट प्यायचात. आता ते शक्य नाही. एका वेळी पोटात दोन-तीन घोटच जातात, आणि तहान लागल्यावर भरून काढू म्हटले तर जमत नाही.

म्हणून हिशोब असा ठेवा. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण घ्या. दर १५ मिनिटांनी ३० मिली पाणी किंवा पातळ पदार्थ. तासाला १२० मिली. जागेपणीचे १४ तास धरले तर जवळपास १,७०० मिली होतात. दिवसाला दीड ते दोन लिटर हे आपले उद्दिष्ट आहे. मोबाइलवर गजर लावा आणि किती झाले ते वहीत लिहा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे. गडद आणि थोडी होत असेल तर कमी पडते आहे.

उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली असेल तर दुपारी ११ ते ५ बाहेर पडू नका. शेतात किंवा दुकानात परतायची घाई करू नका.

प्रोटीन दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागते. जखम भरायला आणि वजन उतरताना स्नायू टिकायला ते हवे. आपल्याकडचा गैरसमज असा, की वरणाचे वरचे पाणी ‘ताकदीचे’ असते. त्या पाण्यात प्रोटीन नगण्य असते. ते खाली बसलेल्या डाळीत असते. अंदाजासाठी:

• एक अंडे: सुमारे ६ ग्रॅम
• एक कप दूध (२०० मिली): ६ ते ७ ग्रॅम
• ५० ग्रॅम पनीर: सुमारे ९ ग्रॅम
• एक वाटी घट्ट वरण: ६ ते ७ ग्रॅम
• व्हे प्रोटीनचा एक चमचा (डब्यातले माप): बहुधा २० ते २५ ग्रॅम, डब्यावर वाचून घ्या

माळकरी किंवा पूर्ण शाकाहारी घरात पहिल्या महिन्यात नुसत्या डाळ-दुधावर ६० ग्रॅम गाठणे जवळपास अशक्य असते. तिथे प्रोटीन पावडर हा शौक नाही, औषध आहे. ‘पावडरने किडनी खराब होते’ असे कोणी सांगितले म्हणून परस्पर बंद करू नका. आधीपासून किडनीचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

कसे खायचे?

काय खायचे याहून कसे खायचे यात जास्त लोक चुकतात.

• चहाचा लहान चमचा वापरा. एका वेळी अर्धा चमचाच तोंडात घ्या.
• घास तोंडात पातळ होईपर्यंत चावा. दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवा.
• तीन-चार चमच्यांना २० ते ३० मिनिटे लागली तरी चालतील.
• जेवताना पाणी नको. घन पदार्थ सुरू झाल्यावर जेवणाआधी १५ ते ३० मिनिटे आणि जेवणानंतर ३० मिनिटे पाणी पिऊ नका.
• ‘आणखी एकच घास’ हा घासच त्रास देतो. छातीच्या मध्यभागी दाब, उचकी, नाक गळणे किंवा शिंका आल्या तर पोट भरले असे समजा आणि थांबा.
• जेवून लगेच आडवे होऊ नका.

नेहमीचे त्रास आणि घरचे उपाय

अडकल्यासारखे वाटणे, तोंडाला फेस येणे: घाईने, मोठा किंवा कोरडा घास खाल्ल्यावर हे होते. खाणे लगेच थांबवा. वरून पाणी पिऊन ‘खाली ढकलायचा’ प्रयत्न करू नका, त्याने दाब वाढतो. उभे राहा, सावकाश फेऱ्या मारा. बहुधा अर्ध्या-एक तासात उतरते किंवा उलटून पडते. त्यानंतर त्या दिवशी पातळच घ्या.

खांदा आणि बरगड्यांखाली दुखणे: दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटात वायू भरतात. तो उरलेला वायू पडद्याला टोचतो आणि दुखणे खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत कमी होत जाते. चालल्याने आराम पडतो. मात्र दुखणे वाढत असेल, किंवा सोबत ताप आणि छातीत धडधड असेल तर ते वायूचे समजू नका. खाली दिलेली धोक्याची लक्षणे पाहा.

मळमळ: कारणे बहुधा साधी असतात. पाणी कमी पडणे, घाई, फोडणीचा वास, एकाच गोड चवीची पावडर. स्वयंपाकघरापासून दूर बसा, पेय थोडे गार घेऊन पाहा, सर्जनने दिलेली मळमळीची गोळी वेळेवर घ्या.

जळजळ, आंबट पाणी: स्लीव्हनंतर हे बऱ्याच जणांना होते. ॲसिडिटीची गोळी काही महिने घ्यायला सांगितलेली असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.

बद्धकोष्ठता: अन्नच कमी असल्यामुळे शौच दोन-तीन दिवसांनी होणे स्वाभाविक आहे. पाणी वाढवा, चाला. इसबगोल मात्र पहिल्या महिन्यात विचारल्याशिवाय घेऊ नका. ते पाणी शोषून फुगते आणि अरुंद नळीत अडकू शकते. पातळ औषध डॉक्टर देतील.

खाल्ल्यावर घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब: याला डंपिंग म्हणतात. बायपासनंतर जास्त दिसते. साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते आणि आतडे पाणी ओढून घेते. १० ते ३० मिनिटांत हा त्रास सुरू होतो. आडवे व्हा, थोडे थांबा, उतरते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. उसाचा रस, सरबत, जिलेबी, केळ्याचा शेक ही त्याची नेहमीची कारणे.

उठल्यावर चक्कर: पाणी कमी पडते आहे, किंवा जुन्या गोळ्या आता जास्त होत आहेत. याबद्दल पुढे सांगतो.

केस गळणे: तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते आणि बहुतेकांचे काही महिन्यांत थांबते. प्रोटीन, लोह आणि जस्त पुरेसे आहे ना, ते तपासून घ्या.

जुन्या गोळ्यांचा हिशोब नव्याने करा

ही जबाबदारी बरेचदा गावातल्या डॉक्टरवर येते, आणि इथेच चूक होते.

मधुमेहाच्या रुग्णाची साखर शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच उतरू लागते, वजन उतरायच्या आधीच. अशा वेळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच प्रमाणात चालू राहिले तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या, जेवण इतके कमी असताना, रक्तात आम्ल वाढवू शकतात. घरी साखर तपासत राहा आणि प्रत्येक गोळी नव्याने विचारून घ्या. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचेही तेच.

मोठ्या गोळ्या अडकतात. पण सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या फोडून किंवा कुटून घेऊ नका, त्याऐवजी दुसरा प्रकार लिहून घ्या.

कंबर किंवा गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका. विशेषतः बायपासनंतर या गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होतो, तो फुटू किंवा रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्या. तंबाखू, गुटखा, बिडी यांनीही जखम भरत नाही. दारू तर आता थोडीही लवकर चढते.

व्हिटॅमिनच्या गोळ्या ही ‘टॉनिकची बाटली’ नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व आयुष्यभर लागतात. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचे अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. त्यासाठी काही महिने गोळी दिली असेल तर तीही पूर्ण करा.

उलट्या थांबत नसतील तर: एक अनुभव

काही वर्षांपूर्वी संध्याकाळी उशिरा एक तरुण माझ्याकडे आला. बायपास होऊन पाच आठवडे झाले होते. तीन आठवड्यांपासून रोज उलट्या. घरच्यांना वाटले, ऑपरेशननंतर हे चालायचेच. ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावा,’ ते म्हणाले. मी बाटली काढायला सांगितलीही होती. तेवढ्यात तो पलंगाकडे चालत गेला, तर पाय फाकवून, भिंत धरून. मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘दोन दिवसांपासून एकाचे दोन दिसतात.’’

मी थांबलो आणि त्याच्या सर्जनला फोन लावला. हे बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण होते. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो. अशा अवस्थेत थायमिन न देता ग्लुकोज चढवले, तर उरलेले थायमिनही वापरले जाते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिनचे इंजेक्शन दिले, मग त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तो सावरला. पण सरळ चालायला त्याला बरेच आठवडे लागले.

त्या संध्याकाळी मी पाच मिनिटे घाई केली असती तर काय झाले असते, हे मला आजही आठवते. म्हणून तुम्हाला सांगतो, तुमची शस्त्रक्रिया झाली आहे हे कोणत्याही डॉक्टरला आधी सांगा. सलाइन लावायची वेळ आली तर ‘‘आधी थायमिन द्यायचे आहे का?’’ असे बिनधास्त विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

लगेच डॉक्टरांकडे जा

खालीलपैकी एकही लक्षण असेल तर सकाळची वाट पाहू नका:

• विश्रांती घेतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणे
• १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी
• पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारे दुखणे
• धाप लागणे, छातीत दुखणे, एका पिंडरीला सूज व दुखणे
• २४ तास पाणीही न टिकणे, लघवी अगदी कमी होणे
• रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच
• एकाचे दोन दिसणे, तोल जाणे, बडबडणे किंवा गोंधळणे

पहिली तीन लक्षणे टाक्यांतून गळती झाल्याची असू शकतात. यात पोट दाबून दुखेलच असे नाही, कधी कधी नाडी वाढणे एवढीच पहिली खूण असते. म्हणून घरात कोणालातरी नाडी मोजायला शिकवा. १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका मोफत मिळते. रस्त्यात असतानाच सर्जनला फोन करा. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत रुग्णाच्या पिशवीत आणि फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

मन आणि घर

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बरेच जण मला हळूच म्हणतात, ‘‘डॉक्टर, उगाच केले का हे?’’ घरात शेवभाजीचा वास सुटलेला असतो आणि आपल्या हातात ताकाचा पेला. अखाजीला आमरस-पुरणपोळी, कानबाईला रोट, लग्नात आग्रहाची पंगत. आपल्याकडे नाती ताटावरच जपली जातात. ते ताट एकदम लहान झाले की माणसाला एकटे वाटते. रडू येते, चिडचिड होते. ते बहुधा काही आठवड्यांत ओसरते. पण झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. रुग्णाला पंगतीतून उठवू नका. त्याची लहान वाटी घेऊन त्याला सोबत बसू द्या. आणि आग्रह करणाऱ्या पाहुण्यांना नकार तुम्ही द्या, रुग्णाला द्यावा लागू नये. लपवायचे काही नाही. नितीन गडकरी यांनीही २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली होती.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भरीत-भाकरी कधी खाता येईल?
साधारण दोन-तीन महिन्यांनी, आणि तेही बिनतिखट, कमी तेलाचे, साल-बिया काढलेले दोन चमचे भरीत आधी नुसतेच. कच्चा कांदा आणि ठेचा त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

केळी चालतील का?
जळगावात हा प्रश्न येणारच! कुस्करलेल्या आहाराच्या टप्प्यात पिकलेल्या केळ्याचे दोन चमचे चालतात, पण आधी प्रोटीन. शेक, शिकरण आणि वेफर्स नकोत.

एकादशी, चतुर्थी, श्रावण, रोजा?
पहिले काही महिने उपास नको. निर्जळी तर नाहीच. साबुदाणा चिकट असतो आणि त्यात प्रोटीन जवळपास नसते.

चहा?
पहिला महिना टाळलेला बरा. नंतर बिनसाखरेचा अर्धा कप, घोट घोट.

मूल कधी होऊ द्यावे?
शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळा. वजन उतरू लागले की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून साधन आधीच ठरवा. गोळ्यांवर विसंबू नका, विशेषतः बायपासनंतर.

त्या सासूबाई पुढच्या तपासणीला वही घेऊन आल्या होत्या. दर १५ मिनिटांची नोंद, शेजारी खुणा. ‘‘आता मी भरवत नाही, मोजते,’’ त्या म्हणाल्या. पहिले दोन महिने तुमच्या घरातही असे मोजणारे एक माणूस असू द्या.